झाकणाची शेगडी

माझ्या मागे घर एकटीने सांभाळणाऱ्या सौ.स अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस. फक्त या लोकांचं मला काही कळत नाही. घरात चकाचक स्वयंपाकघर आहे, आणि आपले चिरंजीव अंगणात गॅसची शेगडी मांडून भाज्या भाजतात. तिला पेटीसारखं भलंमोठं झाकण आहे.

रविवारी तो आणि सूनबाई बाजारात गेले. म्हटलं, आपण आधीच पेटवून ठेवू. वारा फार होता. वाऱ्यात तू ज्योतीला ताटाचा आडोसा करतेस, तसं मी झाकण लावलं, गॅस सोडला आणि वाकून बटण दाबत राहिलो. पेटेना. मग भक्कन पेटली.

सोबत पाठवलेल्या फोटोत माझी उजवी भुवई दिसणार नाही. उजेडच तसा पडलाय.

मुलगा म्हणतो, "बाबा, पेटवताना झाकण उघडं हवं, नाहीतर आत गॅस साठतो. पेटली नाही तर बंद करून थांबायचं." उघड्या अंगणात गॅस साठतो कसा, ते अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. सूनबाई मलम लावत होती. मलम कशाला, ते विचारू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? सिलिंडर बदलायला शेजारच्या भाऊजींना बोलाव, स्वतः खटपट करू नकोस.

परतीचं तिकीट महिनाभर पुढे ढकललंय. इथली हवा मानवली आहे. भुवई उगवायला किती दिवस लागतात गं?

तुझाच,
अहो