नव्या मुलीची गाववाली

बाई, तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तोवर तुमच्यावर रागवायची माझी काय टाप होती! आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून हे धाडस. तुमची ती लातूरची भित्री विद्यार्थिनी आता नांदेडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. केस पिकलेत, गुडघे कुरकुरतात, आणि दुसऱ्या कॉलेजातून मधेच बदलून आलेल्या मुलामुलींना मार्गी लावायचं काम तिच्याकडे आहे. कुणी गळ्यात मारलं नाही, मीच मागून घेतलं. कसं करायचं ते तुमच्याकडून शिकले होते आणि जसंच्या तसं करत आले. त्यातूनच यंदा घोळ झाला आहे.

माझे वडील एसटीत होते. त्यांची लातूर डेपोला बदली झाली आणि मला कंधारचं कॉलेज मधेच सोडावं लागलं. लातूरच्या मुली आधीच जोड्याजोड्यांनी बसलेल्या, माझ्या शेजारची जागा कायम रिकामी. कंधारला जे शिकवून झालं होतं तेच इथं पुन्हा चाललेलं, आणि इथं जे होऊन गेलं होतं त्याचा मला पत्ता नाही. मी प्रयोगशाळेत उभी आहे, काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा ठेवते आहे, आणि तुम्ही मागून येऊन विचारता, "कोणत्या गावची गं तू?" मी कंधार म्हणते. तुम्ही तिथूनच पलीकडच्या वर्गाकडे तोंड करून हाक मारता आणि तिसऱ्या वर्षाची एक धिप्पाड मुलगी येते. "ही तुझी गाववाली," तुम्ही तिला सांगता. "आजपासून हिचं खाणं, नोट्स, रडणं, समदं तुझ्याकडं." त्या मुलीनं मला आपल्या खोलीवर नेलं, भाकरी आणि ठेचा वाढला. कंधारच्या किल्ल्यामागच्या बोरींची गोष्ट निघाली तेव्हा लातुरात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले. ती नसती तर मी कॉलेज सोडून घरी बसले असते, हे तुम्हालाही माहीत होतं. येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही असं त्याच्या भागातलं माणूस जोडून द्यायचात.

तुमची दुसरी रीत मला तुमच्या स्वयंपाकघरात कळली. रविवारी तुम्ही नव्या मुलींना जेवायला बोलवायचात. तुम्ही धपाटे लावत होतात, मी ताटं मांडत होते, आणि उदगीरहून आलेल्या एका मुलीला मी सहज विचारलं, तिकडचं कॉलेज का सोडलंस? तुम्ही उलथणं तव्यावर असं आपटलंत की मी दचकले. "आलेल्याला का आलीस म्हणून विचारायचं न्हाई. आलीय ना? मग ताट वाढ." ती मुलगी खाली मान घालून जेवत राहिली. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता, आणि पुढं आयुष्यभर मी तुमचं ते वाक्य माझंच असल्यासारखं वापरलं.

यंदा जूनमध्ये लातूरहून एक मुलगी आली, शेवटच्या वर्षाला. तिचे तिकडचे विषय आणि आमचे विषय जुळेनात, म्हणून दुपारच्या दुपारी आम्ही दोघी अभ्यासक्रम समोर ठेवून कुठला पेपर धरायचा, कुठला पुन्हा द्यायचा ते लावत बसायचो. हुशार आहे. आकृती काढते तर रबर लागत नाही. तुरीवरच्या रोगांवर पुढं काम करायचंय म्हणते. का आलीस, हे मी अर्थातच विचारलं नाही. गाव मात्र विचारलं. ती पेनाचं टोपण लावू लागली. "औशाकडची," म्हणाली. औशाकडची म्हणजे नेमकी कुठली, म्हणून मी पाठच घेतली, आणि गाव कळताच इतकी खूश झाले की काय सांगू! त्याच्या शेजारच्याच गावची एक गोड, बडबडी मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. तिला हाक मारली आणि तुमचेच शब्द तिला ऐकवले. नव्या मुलीनं ओढणी डोक्यावर घेतली आणि नुसती मान हलवली. लाजली असेल, असं मी धरून चालले.

बडबडीनं त्याच दिवशी दोघींचा फोटो काढून स्टेटसला लावला. आमच्याकडची नवी मैत्रीण, असं काहीसं खाली लिहिलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, बाई. गावाकडच्या सगळ्यांनी पाहावं एवढीच तिची हौस होती. आणि सगळ्यांनी पाहिलं.

मग एक गृहस्थ विभागात आले. स्वच्छ शर्ट, मृदू बोलणं, चप्पल दाराबाहेर काढून आत आले. "मामा हाय मी तिचा. लेकरू रुसून आलंय, मॅडम. घरी लई काळजी करून राहिले समदे." ती वर्गात आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "हाव, खिडकीकडच्या बाकावर बसती ना? बसू द्या. आम्हाला काय घाई न्हाई. हितंच खोली केलीय, गुरुद्वाऱ्याच्या मागं." चहा घेतला, आभार मानले आणि निघून गेले. आवाज एकदाही चढला नाही. खिडकीकडचा बाक त्यांना कसा ठाऊक, हे मला ते गेल्यावर सुचलं.

त्या संध्याकाळी तिनं मला सांगितलं. लग्न ठरवलं होतं, मुलगा याच मामांच्या साडूचा. नाही म्हटल्यावर तिला घरात कोंडलं. आईनं दार उघडलं, आईनंच तिला लातूरच्या कॉलेजात नेऊन दाखला काढून दिला आणि नांदेडच्या गाडीत बसवलं. "तुम्ही त्या गाववालीला बोलावलं तवाच मला कळलं होतं, आता घरी पत्ता लागणार, मॅडम," ती म्हणाली. मग बोलली का नाहीस, असं मी ओरडलेच. "तुम्ही इतक्या खूश होत्या." मी पोलिसांत जाऊ म्हटलं. तिनं माझा हात धरला. "मी हितं हाय, पण आई तिकडंच हाय." बाई, मी का आलीस हे विचारलं असतं तर गाव विचारलंच नसतं. तुमच्या दोन रीती मी एकदम पाळल्या, आणि त्या दोन्हींच्या मधे ही पोर सापडली. तुमच्या वेळी अशा मुली येतच नव्हत्या, की येत होत्या आणि तुम्हालाही कळलं नाही? ती उदगीरची मुलगी पुढच्या वर्षी वर्गात नव्हती. तिचं काय झालं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

मामा आणि आणखी दोघं रोज गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर बसू लागले. कुणाला त्रास नाही, कुणाशी वाद नाही. आमचा वॉचमन त्यांना रामराम घालू लागला. प्राचार्य म्हणाले, "घरचीच माणसं आहेत हो, तुम्ही उगाच मनाला लावून घेता." मी तिला हॉस्टेलमधून माझ्या घरी आणलं. परीक्षा तोंडावर आली होती, निदान तेवढी तरी निभावू, असा माझा विचार. मग परवा एकाएकी गाड्यावर कुणी दिसेना. मला हायसं वाटलं. घरी आले तर ती ओट्याला टेकून उभी होती, हातात फोन, चेहरा पांढराफटक. आईचा फोन आला होता. दोन दिवस येऊन जा, घरी पूजा आहे, असं म्हणाली. "आवाज आईचाच होता, मॅडम. पण आई मला जन्मात कधी बाळा म्हणली न्हाई. आज दर वाक्याला म्हणून राहिली होती. शेजारी कुणीतरी बसून तिला बोलाया लावत होतं."

गॅसवर दूध चढवलेलं होतं. दूध उतू गेलं तरी कुणाला भान नव्हतं. शेवटी तिनं फोन माझ्या हातात दिला. "तुमच्याकडं ठेवा, माझ्याजवळ असला तर पेपरचं काही डोक्यात शिरायचं न्हाई. आईचा पुन्हा आला की मला सांगा. तिला तिकडं त्रास देत असतील, मग मला जावंच लागंल." मी हो म्हटलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं.

उद्या तिचा पहिला पेपर आहे. आत खोलीत ती मोठ्यानं पाठ करते आहे, इथवर ऐकू येतंय. हा कागद मी कुणाला देणार, आणि कुठल्या पत्त्यावर! तरी तुम्हाला एक सांगून टाकते. सकाळपासून तिचा फोन वाजतो आहे आणि त्यावर आई असंच येतंय. मी आवाज बंद करून तो कपाटात साड्यांखाली ठेवला आहे, आणि तिला अजून काही सांगितलेलं नाही.