कॅनडाच्या बँकेचं एकदा ठरवून टाकू

१२ जानेवारी
सकाळी चहा पिताना एकदम टोरांटो आठवलं. रेणू तेव्हा चार वर्षांची. ह्यांच्या मावसभावाकडे गेलो होतो. रस्त्यात असा बोचरा वारा सुटला की एका मोठ्या बँकेच्या दगडी खांबाआड उभं राहून आम्ही तिघांनी डब्यातलं थालीपीठ खाल्लं. ह्यांनी खांबावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, शुभा, ही बँक बुडायची नाही. बस, एवढंच. त्या थालीपिठात मीठ कमी होतं, तरी चव अजून जिभेवर आहे.

विषय निघाला कारण आमची मुदत ठेव सुटली आहे. ह्यांचं मत, थोडे पैसे त्याच बँकेच्या शेअरमध्ये टाकावेत. थोडे म्हणजे थोडेच. निर्णय ह्यांचा, वाचन माझं. महिनाअखेर ठरवून टाकायचं. रेणूला सांगायचं नाही. ती तिकडे दूर अल्फारेटात बसून इथे श्रूजबरीत आम्ही रात्री काय जेवलो याचीही चौकशी करते.

१५ जानेवारी
वाचन सुरू. जमेची बाजू: शंभर वर्षांहून जास्त काळ डिव्हिडंड चुकलेला नाही. चिंतेची बाजू: तिकडे लोकांची घरकर्जं दर काही वर्षांनी नव्या व्याजाने बांधली जातात. हप्ते वाढले आणि लोकांना झेपले नाहीत तर?
ह्यांनी फार मार्मिक प्रश्न विचारला. डिव्हिडंडवर कॅनडाचं सरकार कर कापेल का? मी शोधून सांगितलं: कापतं, पण रिटायरमेंटच्या खात्यात घेतले तर नाही. खूश झाले.

१६ जानेवारी
ह्यांनी विचारलं, डिव्हिडंडवर कॅनडाचं सरकार कर कापेल का?
सांगितलं.
दुपारी पुन्हा विचारलं. उगाच नाही तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. एकच नग तीनदा तपासायचा, हा कारखान्याचा नियमच होता. अशा माणसाच्या हाती पैसे सुरक्षित.

२७ जानेवारी
रात्रभर बर्फ. हे सकाळी फावडं घेऊन बाहेर पडले आणि अख्खा ड्राइव्हवे साफ करून आले. शेजारच्या मिहीरचा. आमची गाडी तशीच पुरलेली.
मिहीर धावत आला. नागपूरचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, शेअरमधलं कळतं. म्हणाला, अरे बाप्पा, काका, माझी कामं करता अन् मला लाजवता काय? ह्यांनी फावडं बर्फात रोवलं. मग म्हणाले, माझ्या घरासमोरचा बर्फ मी नाही काढायचा तर कोणी?
मी हसून वेळ मारून नेली. परोपकार करून तो कबूल न करणं, हे ह्यांचं पहिल्यापासूनच.
जाताना मिहीर हळूच म्हणाला, काकू, काका ठीक आहेत ना? म्हटलं, रिसर्चमध्ये आहेत.

३० जानेवारी
रेणूचा फोन. बाबांनी सियाला विचारलं म्हणे, पहिलीत कशी गं तुझी टीचर? आमची नात सिया यंदा कॉलेजला अर्ज करते आहे. रेणू म्हणाली, आई, डॉक्टरकडे ने. आई, लिसन टु मी. आई, धिस इज नॉट नॉर्मल. मी तिला तिळगुळाचं पार्सल मिळालं का ते विचारलं. ती चिडून म्हणाली, तू नेहमी असंच करतेस.
कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगायच्या, वाईट बातमी आली की आधी पाठ ताठ करा. मी खुर्चीत ताठ बसूनच बोलत होते. रेणूला फोनवर ते कसं दिसणार?
डॉक्टरकडे जाऊच. आधी शेअरचं होऊ दे. एका वेळी एक काम.

२ फेब्रुवारी
निर्णय झाला! शंभर शेअर. मी वाचलं, ह्यांनी टाइप केलं. बटणही ह्यांनीच दाबलं. मग खुर्ची मागे सारून म्हणाले, घेऊन टाकले! असे हसले की मला लग्नातला फोटो आठवला. साजूक तुपातला शिरा केला.

५ फेब्रुवारी
हे इस्त्रीचा शर्ट घालून चहाला आले. म्हणाले, शुभा, आज कॅनडाच्या बँकेचं एकदा ठरवून टाकू.
मी हसले. ते हसले नाहीत.
मग मी का हसते ते बघून तेही हसले. चेहरा गंभीर ठेवून विनोद करणं सगळ्यांना जमत नाही.

१२ फेब्रुवारी
रोज सकाळी हे कॉम्प्युटरच्या खोलीत दार लावून बसतात. छान. रिटायर्ड माणसाला काहीतरी हवंच. बाहेर येऊन म्हणतात, घेऊन टाकले! तोच आनंद, तेच हसणं. मला वाटतं ते त्या दिवसाची आठवण काढतात. मीही काढते. मी शिरा करते. या महिन्यात कितव्यांदा केला ते मोजत नाही, ह्यांच्या कोलेस्टेरॉलचा विचार करून.

२० फेब्रुवारी
हे दूध आणायला गेले. अंधार पडल्यावर परत आले, मागे पोलिसाची गाडी. पोलीस फार सभ्य होता. म्हणाला, सर दोन गावं पलीकडे ऑबर्नला एका पार्किंग लॉटमध्ये इंजिन चालू ठेवून बसले होते, खिशातल्या पाकिटात पत्ता सापडला.
रस्त्याचं काम चालू असेल.
दूध नव्हतं. मी काळा चहा केला. हे म्हणाले, सुलेखा, चहा मस्त झालाय. सुलेखा ह्यांची धाकटी बहीण. तिच्याही हाताला चव होती.
मी रात्री दाराला वरची कडी घातली. थंडीसाठी.

६ मार्च
खात्याचं स्टेटमेंट आलं. आधी वाटलं बँकेचा भाव वर गेला. मग शेअरचा आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मिहीरला बोलावलं.
त्याने स्क्रीनवरची यादी खालपर्यंत सरकवली. म्हणाला, काकू, काकांनी हे रोज घेतलेत यार. रोज शंभर. खात्यातली कॅश संपली तसे बाकीचे फंड विकलेत. सियाच्या कॉलेजसाठी ठेवलेलेही.
मी म्हटलं, क्वालिटी कंट्रोल. एकच नग तीनदा.
तो हसला नाही. एरवी माझ्या साध्या वाक्यालाही हसतो.
मी विचारलं, बँकेचं काय वाटतं तुला? ठेवावेत का विकावेत? तिकडच्या घरकर्जांचा धोका आहेच, पण लाँग टर्ममध्ये?
मिहीर म्हणाला, बँक चांगली आहे, काकू. बँकेचा काही प्रॉब्लेम नाही.
तेवढ्यात हे आतून आले. इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, बरं झालं मिहीर आलास, आज आमचं एक मोठं ठरायचंय.

१९ मार्च
डॉक्टर. चाचणी अगदी बालवाडीची. घड्याळ काढा. शंभरातून सात वजा करा. महिना कोणता? इंजिनिअर माणसाला असले प्रश्न! हे अपमान वाटून गप्प बसले असणार. मी नुसती ओठांनी मार्च म्हटलं, तर डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर जाऊन बसायला सांगितलं. शाळेत मी एकदाही कॉपी केली नव्हती.
बाहेर ताठ बसले. भिंतीवर माशांची टाकी. तोच मासा पुन्हा पुन्हा काचेपर्यंत येत होता.
निघताना त्यांनी काही कागद दिले आणि माझा हात धरला. अमेरिकेत डॉक्टर सहसा हात धरत नाहीत.
रेणूला फोन केला. ती रडली. मी तिळगुळाचं विचारलं नाही.

२८ मार्च
सकाळी ह्यांनी मला खुर्ची दिली आणि अदबीने, इंग्रजीत विचारलं, मॅडम, तुमच्या बँकेत पैसे ठेवायचा विचार आहे, तुम्ही काय सुचवाल? मला वाटलं, गंमत. वाट पाहिली. चेहरा सरळच. मग मीही कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत म्हटलं, सर, आज घाई नको. मिसेसना विचारून घ्या. ते म्हणाले, हो, तिला विचारतो. तिला यातलं चांगलं कळतं.
अठ्ठेचाळीस वर्षांत हे मला असं कधी म्हणाले नव्हते.

रेणू उद्या येते आहे. ती बोलायला लागली की मला सुचणार नाही, म्हणून इथेच लिहून ठेवते. सगळं तात्पुरतं आहे.
खात्याचे पासवर्ड: रेणूला. नवे करून, मलाही न सांगता. ह्यांनी मागितले की मी मोहात पडेन.
शेअर विकून आलेल्यातून पहिले पैसे सियाला. आजोबांनी जपून ठेवले होते, एवढंच तिला सांगायचं.
गाडीच्या दोन्ही किल्ल्या: मिहीरला. हे आंघोळीला जातील तेव्हा येऊन न्याव्यात. गाडी सर्व्हिसिंगला आहे, असं मी सांगेन. रोज सांगेन.
इस्त्रीचे शर्ट: कुणालाही नाही. कपाटातच राहू देत.
शंभर शेअर ह्यांच्या नावावर ठेवायचे. तेवढे आम्ही विचार करून घेतले होते.
रेणूने फोनवर वूस्टरच्या एका जागेचं नाव घेतलं, जिथे अशा माणसांना सांभाळतात. तिथे बाग आहे म्हणाली. माहितीपत्रक तिने स्वतःकडे ठेवावं.
हे: माझ्याकडे.