पिंपातली मासोळी आणि रोसाउराचं येणं

ग्वायाकिल, २३ एप्रिल १९१९

आदरणीय ओर्तेन्सियावन्सं,

पेत्रोनाचा नमस्कार. तुमचा गुडघा, पेअरची झाडं आणि पाद्रीबाबांशी चाललेलं भांडण, तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा करते. मी बरी आहे. एक दात गेला, पण तो तसाही कामचुकार होता.

तुमचं पत्र सहा वर्षांनी आलं, म्हणून आधी नुसता लिफाफाच दोन दिवस पाहत बसले. मग वाचलं. (हो, मी स्वतः वाचलं. तुमचा लेओनिदास पिंपांच्या झाकणांवर गिऱ्हाइकांची नावं तापल्या सळईनं डागायचा ना, तो गेल्यावर त्या झाकणांवरूनच मी अक्षरं लावायला शिकले. त्यामुळे छापील मजकूर मला अजून जरा फिकट वाटतो.) रोसाउराला तिकडे सुइणीच्या शाळेत जागा मिळाली, ती तुझ्याकडे राहील, पण तुझ्या त्या घरात माझी पोर जगेल का ते खरं सांग, असं तुम्ही विचारलंत. खरंच सांगते, पण त्यासाठी मासोळीची हकिगत सांगावी लागेल.

पिवळा ताप डासातून येतो आणि तो डास गटारात नाही, घरातल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यात जन्मतो, असं आता ठरलं आहे. आमच्या गल्लीला हे पटायला फार जड गेलं. सगळी गल्ली इतकी वर्षं गटाराला शिव्या देत होती, त्या सगळ्या वाया गेल्या. तर स्वच्छतावाल्यांनी घरोघर पिंपात एकेक मासोळी सोडली. ती डासांची पिल्लं खाते. दर मंगळवारी निरीक्षक निकानोर येतो, शिडीवर चढून पिंपात डोकावतो आणि मासोळी दिसली की वहीत खूण करतो. नाही दिसली तर पिंप रस्त्यावर उपडं. नळाला पाणी कधी येतं ते परमेश्वराला ठाऊक, तेव्हा भरलेलं पिंप उपडं होणं म्हणजे काय ते तुम्हा झऱ्याकाठच्या लोकांना कळायचं नाही.

माझी मासोळी टिकली. समोरच्या उबाल्दिनाबाईंच्या नवऱ्यानं त्यांची तळून केळ्याबरोबर खाल्ली (नुसता काटा निघाला, म्हणून वर निरीक्षकालाच नावं ठेवली). होडीवाले कप्तान फिलेमोन यांची मांजरीनं नेली. बाकीच्यांच्या कशा गेल्या ते कुणी सांगत नाही. मग मंगळवार आला की माझ्याकडे हाका सुरू. "पेत्रोना, जरा तुझी मासोळी दे गं, निकानोर कोपऱ्यावर आलाय!" मी द्यायची. शेजारधर्म! पत्र्याच्या डब्यात बसून माझी मासोळी मागच्या सज्ज्यांवरून निरीक्षकाच्या एक घर पुढे धावायची. एका सकाळी नऊ पिंपांत तिची हजेरी लागायची. निकानोर एकदा म्हणाला, "या गल्लीतले मासे एकमेकांसारखे फार दिसतात. सगळ्यांचं शेपूट डावीकडेच फाटलंय." त्यावर कप्तान गंभीरपणे म्हणाले, "साहेब, एकाच आईची लेकरं ती."

मीही हसले, वन्सं. ते लपवत नाही.

मग तुमचं पत्र आलं आणि पुढच्या मंगळवारी ते माझ्या एप्रनच्या खिशात होतं. कप्तानांनी हाक मारली, तेव्हा त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून डबा घेऊन मीच गेले. पिंपात वाकून पाहिलं तर पाणी नुसतं वळवळत होतं. आम्ही इथेच जन्मलेली माणसं त्या तापाला लहानपणीच पचवतो, तो गिळतो तुमच्या डोंगरावरून उतरलेल्यांना. मला त्या वळवळीत दुसरं काही दिसेना, रोसाउराची उशीच दिसली. डबा मी छातीशी धरला. कप्तान म्हणाले, "टाका की बाई, तो जिना चढतोय!" मी म्हटलं, "नाही टाकत." तेवढ्यात निकानोर आत आला आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं, नऊच्या नऊ घरं, नावानिशी.

पिंपं उपडी झाली. एकेकाच्या बुडाला लेओनिदासचा डागलेला 'ल' होता. सगळी त्यानंच बनवलेली. रस्त्यावर वाळत घातलेला कोको भिजला, तोही माझ्याच नावावर गेला. अकरा दिवस गल्ली माझ्याशी बोलली नाही. उबाल्दिनाबाई तर मला पाहिलं की आपल्या पोपटाशी बोलायच्या, "बघ रे, पोलीस आली."

बाराव्या दिवशी त्याच माझ्या दाराशी आल्या, हातात रिकामा डबा. आत न येता म्हणाल्या, "तुझी भाची यायचीय म्हणे. आधी बोलली असतीस तर आम्ही काय राक्षस होतो?" तसं सांगायला हवं होतं, हे खरंच. दुपारी कप्तानांनी होडी काढली, आम्ही दोघी जाळं घेऊन बसलो आणि खाडीतून बादलीभर मासोळ्या आणल्या. (उबाल्दिनाबाई पाण्यात पडल्या. पोहता येतं, पण ओरडणं आधी उरकून घेतात.) आता प्रत्येक पिंपात स्वतःची मासोळी आहे आणि मी रोज सकाळी सगळी पिंपं पाहते. नाताळानंतर आमच्या गल्लीत एकालाही ताप आलेला नाही. तेव्हा उत्तर असं की रोसाउराला येऊ द्या.

तुमची भावजय,
पेत्रोना

ता. क. लेओनिदास त्याच तापानं गेला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "तुझ्या घरानं माझा भाऊ खाल्ला." मी तुम्हाला दार दाखवलं होतं. तो प्रत्येक पिंपाला झाकण करायचा, आमच्याही पिंपाला केलं होतं. ते छान गुळगुळीत होतं म्हणून मी त्यावर केळी चिरायची आणि पिंप उघडंच राही, आमच्या पलंगाशेजारी. डासाचं तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण तुम्ही अगदीच चुकीचं बोलला नव्हतात. ते झाकण आता पिंपावर आहे. केळी हातावर चिरते.

ता. क. दुसरा. रोसाउराला एकटीला पाठवू नका. तुम्ही स्वतः आणून सोडा, आगगाडी दुरानपर्यंतच येते, तिथून बोटीनं नदी ओलांडा, अलीकडच्या धक्क्यावर मी उभी असेन. माझ्या शब्दावर जाऊ नका, पिंपात स्वतः वाकून बघा. मग चार दिवस राहा. त्याच्या कबरीकडे मी दर रविवारी एकटीच जाते.

ता. क. शेवटचा. इथे आल्यावर उबाल्दिनाबाईंकडून कळेलच, म्हणून आधी सांगते. मासोळीचं नाव ओर्तेन्सिया आहे. तळाशी बसून माझ्याकडे नापसंतीनं बघायची, म्हणून ठेवलं. रागावू नका. सहा वर्षं या घरात तुमचं नाव निघत नव्हतं, आता दिवसातून दहा वेळा निघतं.