पुलावरच्या त्या दोघी

प्रिय सुजे,

तुला जाऊन चार महिने झाले. एवढ्या दिवसांत एक ओळही लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले ती मत्सराने जळतेय म्हणून. काल हॉर्नबीहून तुझ्या शेजारणीचा, नीलिमाचा फोन आला.

"मेधाताई, ते पुलाचं चित्र माझ्याकडे आहे. तुम्हाला हवं का?" आणि वर म्हणते, "त्यातल्या दोघी बायका आहेत ना, सुजाताताई मला म्हणायच्या, छत्रीवाली मी आणि शेजारची तू!"

ती? अगं, त्या दोघी आपण होतो!

शिकत होतो तेव्हा रिकार्टनच्या फ्लॅटमधली भिंतीवरची ओल झाकायला आपण ते जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं छापील चित्र, ग्लासगोच्या नदीवरचा झुलता पूल. दगडी कमानी, लोखंडी साखळ्या, खाली धूर सोडणारी बोट आणि मधोमध एका छत्रीखाली ठिपक्याएवढ्या दोन बायका. असाइनमेंट बाजूला ठेवून आपण भांडायचो, छत्री कोणाच्या हातात! माझी जागा तू दुसरीला कशी दिलीस?

नोकरी लागून मी हॅमिल्टनला निघाले तेव्हा तू म्हणालीस, "चित्र घेऊन जा." मी म्हटलं, "नको, राहू दे तुझ्याकडे." पहिलं 'नको' खरं नसतं, हे तुला मी सांगायला हवं होतं? "स्वीट ॲज!" असं इथल्या लोकांसारखं, म्हणजे 'मस्त, ठरलं' म्हणून तू ते पुन्हा खिळ्याला अडकवलंस. मी दारात बॅग धरून उभी, तू परत विचारशील म्हणून.

मग तू आजारी पडलीस. "येऊ का?" विचारलं, तर म्हणालीस, "नको गं, एवढ्या लांबून कशाला? नीलिमा आहे ना." मला फक्त 'नीलिमा' ऐकू आलं. डायरीत मी लिहिलं, तिच्या इच्छेचा मान ठेवला. खोटं! मी रुसले होते. सुजे, तुझंही ते पहिलंच 'नको' होतं का गं?

काल मी सवयीने म्हटलं, "नको, तूच ठेव."

"बघा हं ताई, मी तीनदा विचारणार. आमच्या आईची शिस्त आहे," नीलिमा हसली. "हवं का?"

किती सहज जमतं तिला! तेही मला खुपलं. तिसऱ्यांदा मी हो म्हटलं.

शनिवारी येतेय. चित्र घेईनच. पण मला खरे हवे आहेत ते तुझे शेवटचे सहा आठवडे, आणि ते तिच्याकडे आहेत. विचारीन तिला, तू काय खायचीस, कशावर हसायचीस, माझं नाव कधी निघालं का. ऐकताना जळेन. पण मध्येच तोडून 'मी तिला जास्त ओळखते' असं म्हणणार नाही, हे कबूल. माझं नाव निघालं नसेल, तरी शेवटपर्यंत ऐकेन.

तुझी, अजून रुसलेली,
मेधा