ओळींच्या मधल्या लाल खुणा

४ जून

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून चकित होशील. फोनवर तू 'बरं आहे'च्या पुढे जात नाहीस आणि मला मुलासमोर मनातलं बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. इथे परदेशात मुलाकडे येऊन चार महिने झाले. साडेसातला मुलगा-सून कामावर जातात, नात शाळेत. मग चार वाजेपर्यंत घरात मी आणि फ्रिजची घरघर. परवा मी इस्त्रीला तापलीस का गं म्हणून विचारलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

म्हणून कोपऱ्यावरच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं. उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर आत घेणं. हात चालतात, तोंड चालत नाही. मालकीणबाई इंग्रजीत सांगतात, मी मान डोलवते. काल नेमकी नको तिथे डोलवली आणि एका गिऱ्हाईकाची पँट अर्धी होता होता वाचली. मुलाला अर्थ विचारला की तो सुस्कारा टाकतो. टीव्ही बघ म्हणतो, येईल आपोआप.

तू तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंस. माझी शाळा लग्नाच्या घाईत सुटली ती सुटलीच. आता शिकवशील? आठवड्याला दहाच शब्द.

लोभ आहेच, त्याला थोडी शिकवणी जोडावी.
तुझी चिमी

२० जून

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

निवृत्त झाल्यापासून मला कुणी साध्या शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. तुझं पत्र तीनदा वाचलं.

अट एकच, अर्थ पाठ करायचे नाहीत. आमची मुलं 'टेक' म्हणजे घेणे असं घोकायची आणि पहिल्याच वाक्यात आडवी व्हायची. टेक इन म्हणजे तुझ्या दुकानात कपडा आत घेणे. पण कुणाला घरात आसरा देणे तेही टेक इन, आणि गोड बोलून फसवणे तेही. शब्द कुणाच्या संगतीत आहे ते बघावं, मग त्याचा स्वभाव कळतो. दर शब्दावर तुझ्या दिवसातलं एक वाक्य लिहून पाठव. लाल शाईने तपासून परत धाडीन. पहिले दहा मागच्या पानावर.

माझं ठीक चाललंय. डबा खालच्या खानावळीतून येतो. खानावळवाल्या काकू स्वतः आणून देतात आणि मी संपवला का ते बघायला पुन्हा जिना चढतात. तुझी वहिनी गेल्यापासून माझ्यावर रागावणारं कुणी उरलं नव्हतं.

आशीर्वाद न मागता मिळतील, शाबासकी अभ्यास केला तरच.
दादा

११ जुलै

ती. दादास शि. सा. न.

वाक्यं सोबत आहेत, पण एक घोटाळा झाला. दुकानात एक म्हातारे गृहस्थ येतात. पूर्वी बस चालवायचे. त्यांनी बायकोचा कोट आणला होता, मुलीच्या मापाचा करायला. टेक इन, म्हणाले, आणि मला कळलं! इतका आनंद झाला की मी त्यांच्याशी गप्पाच मारायला गेले. त्यांनी विचारलं, मिस्टर काय करतात? तुझ्या यादीत 'लेट' म्हणजे दिवंगत असं होतं. मी सांगून टाकलं, माय हजबंड इज लेट.

त्यांनी घड्याळ बघितलं आणि खुर्ची ओढून बसले. दुकान बंद व्हायची वेळ झालेली, बाहेर धुकं, इथे जुलैत हिवाळा असतो. मिस्टर येईपर्यंत तुम्ही एकट्या थांबू नका, मी आहे, असं काहीसं म्हणाले. दादा, आम्ही वीस मिनिटं बसलो होतो. मध्ये एकदा ते दारात जाऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून आले. मग मीही बघितलं. खरं काय ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. शेवटी फोन आल्याचं सोंग केलं आणि निघाले. घरी कुणाला बोलले नाही.

अजून एक विचारायचंय. बस चुकते ती मिस, टाका चुकतो तो मिस. मग मी दोन दिवस बरी नव्हते तर मालकीणबाई 'वी मिस्ड यू' म्हणाल्या, त्यात काय चुकलं?

उत्तर लवकर धाडून बहिणीला वाट बघण्यातून सोडवावं.
चिमी

२९ जुलै

चि. चिमीस आशीर्वाद.

आधी खूप हसलो, मग हसू गेलं. चूक तुझी नाही, माझी. लेट नवऱ्याच्या आधी आला तर कैलासवासी, नंतर आला तर उशीर. माय लेट हजबंड, असं म्हणायचं. एवढ्याशा फरकाने माणूस जिवंत होतो आणि कुणीतरी त्याची वाट बघत बसतं, हे मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

आणि अगं, मिसचं आपल्याकडेही तसंच आहे. घरातलं माणूस नसलं की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं असं आपण म्हणतोच ना? त्या बाईंना तसं वाटलं.

वाक्यं तपासून सोबत परत पाठवली आहेत. सगळी बरोबर.

चुकलीस तरी लिहीत राहा.
दादा

२० ऑगस्ट

ती. दादास शि. सा. न.

बसवाले गृहस्थ कोट न्यायला आले. मी आदल्या दिवसापासून घोकून ठेवलं होतं. माय लेट हजबंड, म्हटलं, नऊ वर्षं झाली. त्यांनी टोपी काढली. कोटही त्यांच्या लेट वाइफचाच होता. मग दोघंही गप्प बसलो, पण ते गप्प बसणं घरातल्यासारखं नव्हतं.

आता तुझ्याबद्दल. मी 'आय गोएड टु बँक' असं लिहिलं होतं. सुनेने तू परत पाठवलेली पानं चाळली आणि हसली, म्हणाली, वेन्ट हवं. तू तिथे बरोबरची खूण केली आहेस. मग मी सगळं पान नीट बघितलं. तुझ्या लाल खुणा ओळींवर नाहीतच, ओळींच्या मधे आहेत. दोन तर समासाच्या बाहेर. दादा, तू स्वल्पविराम चुकला म्हणून मुलांना बाकावर उभं करायचास. डोळ्यांना काय झालंय? मला टेक इन करू नकोस, त्यातला तिसरा अर्थ.

लोभ असेल तर खरं लिही.
चिमी

७ सप्टेंबर

चि. चिमीस आशीर्वाद.

अक्षर काकूंचं आहे, मजकूर माझा. काचबिंदू आहे, दोन वर्षं झाली. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात. जूनमध्ये भिंगाने वाचायचो, जुलैत भिंगही उपयोगाचं राहिलं नाही. पेन ओळखीचं असल्यामुळे लिहिता येत होतं. मराठी पत्रं काकू वाचून दाखवतात. इंग्रजी त्यांना येत नाही, आणि दुसऱ्या कुणाकडे वाक्यं न्यावीत तर मास्तर आंधळे झाले हे गल्लीभर झालं असतं. म्हणून अंदाजाने खुणा केल्या. विद्यार्थ्याशी असं वागायला नको होतं.

पण तुला सांगितलं असतं तर शिकवणी थांबली असती, आणि पत्रंही. जिन्यावर पोस्टमनची पावलं वाजली की मला दिवस उजाडल्यासारखं वाटतं.

काळजी करू नकोस. भिंतीला हात लावून सगळं जमतं.

लोभ कमी करू नये, एवढंच मागणं.
दादा

२५ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न.

मी येते आहे. बारा ऑक्टोबरला, दुपारी चारपर्यंत घरी पोचेन. मालकीणबाईंना चार वाक्यांत सगळं सांगितलं. चौथ्या वाक्यात अडले, पण त्या थांबल्या, शब्द सुचेपर्यंत. मग तिकिटाच्या ऑफिसात एकटी गेले. खिडकीवरच्या मुलीने रिटर्न हवं का विचारलं. वन वे, म्हटलं. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं.

मुलगा रागावला. शाळेतून आल्यावर पोरीजवळ कोण थांबणार, म्हणाला. मी म्हटलं, हा प्रश्न तुला मी आजारी पडले तेव्हाही पडला होता. संध्याकाळी त्याने माळ्यावरची बॅग काढली आणि पुसून ठेवली.

काकू, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका. दादा पडतो का? मी त्याची सेवा करायला येते आहे असं वाटलं तर तो दार उघडायचा नाही. मला इथे करमत नाही म्हणून येते आहे, असं त्याला सांगा. आणि ते खोटंही नाही.

दोघांचाही लोभ हवा आहे.
चिमी

३ ऑक्टोबर

सौ. नव्हे, श्रीमती चिमीताईंना नमस्कार.

मी डबेवाली बाई, पत्रं लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. मास्तर जिन्यात दोनदा पडले. आता मी कठडा बसवून घेतलाय.

तुमचा मजकूर मनात वाचायला मी थांबले, ते त्यांनी ओळखलं. पण काय लिहिलंय ते विचारलं नाही. मग मी तुम्ही सांगितलंत तसं सांगितलं, ताईंना तिथे करमत नाही म्हणून येतात. मास्तर म्हणाले, तिला लिहा, मलाही करमत नाही.

दुपारी डबा घेऊन गेले तर आतली खोली झाडत होते. दिसत नाही, त्यामुळे एकच कोपरा तीन-तीनदा झाडत होते. मी केरसुणी मागितली नाही. दारातच उभी राहिले.

सावकाश या.
खानावळवाल्या काकू