सुनेच्या हाती चालणारी गाडी

चि. हरेश्वर,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी तुझ्या गाडीचं ऐक. स्वतःला नवी घेतलीस आणि जुनी ताईच्या गळ्यात मारलीस! चैत्रात तू ती इथे गिरीजला आणून दिलीस त्या दिवसापासून तिचा हाच तमाशा. सुनेने, हेमांगीने, किल्ली फिरवली की लगेच सुरू. मी फिरवली की कधी सुरू, कधी ढिम्म. माणिकपूरच्या बाजारात वांग्यांच्या टोपल्या भरून मी आत बसलेली, मागे रिक्षावाले भोंगे वाजवतायत, आणि ही गप्प. "आई, गाडीला तुम्ही आवडत नाही," असं हेमांगी वर तोंड करून हसते. (तुझा ड्रायव्हर श्रीपत असता तर त्याने बघितलं असतं. पण ही गाडी इथे आणलीस त्याच दिवशी तुझ्या नव्या गाडीची किल्ली हरवली आणि तू त्याला चोर ठरवून काढलंस. काढच, असं मीच म्हटलं होतं.)

एका मेकॅनिकने बॅटरी बदलली, दुसऱ्याने सेल्फ, तिसरा म्हणाला लिंबू बांधा. शेवटी सातिवलीत गॅरेजवाली उन्नती भेटली. हरेश्वरा, काय डोकं रे त्या पोरीचं! बॉनेट उघडलंच नाही. हात पुसत एवढंच विचारलं, सूनबाई किल्ली कशी लावतात आणि तुम्ही कशी? हेमांगी जुडग्यातून सोडवून घेते, मी कंबरेचा अख्खा जुडगा लावते. (कपाट, कोठी, वाडीतला पंप, सगळ्यांच्या किल्ल्या त्यात.) तिने जुडगा तळहातावर पसरला आणि एक काळी किल्ली वेगळी केली. "मावशी, ही दुसऱ्या गाडीची. दोघींच्या डोक्यात चिप असते. दोघी एकदम बोलल्या की गाडीला कुणाचंच कळत नाही." मग ती काढून जुडग्यासकट दहा वेळा फिरवली, दहाही वेळा सुरू! मी देवळात उभी राहते तशी हात जोडून उभी. जन्मभर दोन बायका एकदम बोलताना ऐकतेय, पण हे मला कधी सुचलं नाही.

तुझ्या मीराचा गुडघा कसा आहे? सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी भागूताई

ता.क. ती काळी किल्ली तुझ्या नव्या गाडीची. त्या दिवशी ओसरीवर पडलेली दिसली, दिसेल ती किल्ली उचलायच्या आपल्या आईच्या सवयीने जुडग्यात ओवली आणि विसरले. म्हणजे चोर मी. श्रीपतची माफी मी मागितली, आता तू माग.

आणखी ता.क. हे पत्र आणि किल्ली घेऊन श्रीपतच आलाय. त्याला दारात उभा ठेवू नको. कामावर घेतलंस की नाही, ते शनिवारपर्यंत कळव. नाहीतर रविवारी मी येते. गाडी आता सुरू होते.