डाव्या कमरेचे रानगुलाब

२ मार्च

आज बुवांनी मला रापी दिली. खरी, धारेची! पाच महिने त्यांच्या दुकानात दुसऱ्या बाकावर बसून मी रद्दी तुकड्यांवर रानगुलाबाच्या नावाखाली कोबी कोरतोय. आज म्हणाले, "प्रोफेसर, कोबी पुरे. आता कापायला शीक."

बुवा म्हणजे लव्हॉन एकार्ट. वायोमिंगच्या या कोपऱ्यातले खोगीरवाले. इथल्या निम्म्या घोड्यांच्या पाठीवर आणि निम्म्या माणसांच्या कमरेवर त्यांची फुलं आहेत. 'बुवा' माझ्यापुरतेच, त्यांना ठाऊक नाही.

सुमेधाला फोन केला. ती इथली डॉक्टर. मी डॉक्टरीणबाईंचा नवरा, एकेकाळचा संस्कृतचा प्राध्यापक, आणि उरलेल्या वेळात साप्ताहिकाचा वार्ताहर. बढतीची बातमी ऐकून म्हणाली, "बोटं मोजून घरी ये."

४ मार्च

कापायचंय ते साधंसुधं नाही. कॉर्लिससाठी होल्स्टर, म्हणजे कमरेला रिव्हॉल्व्हर अडकवायचं चामडी म्यान!

कॉर्लिस बुवांची एकुलती एक. घोडी भरधाव सोडायची आणि दोन रिव्हॉल्व्हरच्या फुसक्या बारांनी काठ्यांवरचे दहा फुगे फोडायचे — या खेळात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गेल्या शरदात घोडी घसरली, अंगावर आली. उजवा खांदा गेला. हात आता छातीपर्यंत येतो, पुढे नाही. तेव्हापासून ती शर्यतीचं नाव काढत नाही, आणि बुवा दुसऱ्या कशाचं काढत नाहीत.

"मेमध्ये मैदानावर उतरेल," म्हणाले. "हाताला निमित्त हवं. नवं होल्स्टर बघितलं की आपोआप वर जाईल."

मी मान डोलावली. संस्कृतात याला अर्थवाद म्हणतात. म्हणजे स्तुती ऐकावी, खरी धरू नये.

६ मार्च

कापलं!! फर्मा, म्हणजे कापायचा नमुना, पुठ्ठ्याचा; एका बाजूला पेन्सिलीने तिचं नाव. आतलं अस्तर बाहेरच्या चामड्याला पाठीला पाठ लावून चिकटतं, म्हणून अस्तराला फर्मा उलटा ठेवायचा, नाव खाली. बाहेरच्या जाड चामड्याला सुलटा, नाव वर. हे बुवांनी एकदाच सांगितलं. ते कुठलीच गोष्ट दोनदा सांगत नाहीत.

आधी अस्तर कापलं, मग जाड चामडं. कडा अशी सरळ आली की मीच दोनदा बोट फिरवलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक तुटका लगाम घेऊन आलं, भाव करत बसलं. मी तुकडे बुवांच्या बाकावर ठेवून काढता पाय घेतला.

७ मार्च

बुवांनी कापलेलं चामडं हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "कड चांगली आलीय."

यापेक्षा मोठी पदवी काशीतही मिळत नाही!

११ मार्च

चामडं ओलावून गालाला लावायचं. थंडगार लागलं पण ओलं नाही, की कोरायला तयार. बुवा रोज सकाळी असं गाल लावून उभे असतात. दुरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा चामड्याशी गुजगोष्टी करतोय. कोण जाणे, करतही असेल.

२० मार्च

बाहेर बर्फ, आत ठकठक. फिरत्या सुरीने वेल आखून झाली, आता ठशांवर मोगरी. एक पाकळी उठली की दुसरी. एकदा चुकलेली रेघ चामडं परत देत नाही. बुवांची चुकतच नाही. जेवताना मिरचीचा रस्सा आणि त्यात बुडवून दालचिनीचा गोड पाव — वीस वर्षांपूर्वी मी याला अधर्म म्हटलं होतं. आज दोन खाल्ले.

२८ मार्च

वासरं किती जन्मली याची बातमी करायला कॉर्लिसच्या गोठ्यावर गेलो. लांबूनच आवाज — फट्! मग शिवी. मग फट्!

गोठ्यामागे ती उभी. कुंपणावर फुगे. रिव्हॉल्व्हर डाव्या हातात! मला बघून लहान मुलीसारखं पाठीमागे लपवलं.

"प्रोफेसर, हे छापलंत तर पुढची गोळी खरी असेल."

"घोडीवरून जमतं का?"

"चालीवर जमतं. दौडीवर फुग्यांना हसू येतं." तिने कुंपणाला नवा फुगा बांधला. "उजवा आता येणार नाही. मला माहितीय. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. बाबांना नाही सांगवत."

"का?"

"मी डावा हात धरला की त्यांना वाटेल, पोरीने हार मानली. ते रोज विचारतात, आज किती वर गेला? मी रोज एक बोट वाढवून सांगते. या हिशेबाने हात आत्तापर्यंत छपराला लागायला हवा होता!"

हसली. मला हसू आलं नाही. दुकानात तिच्या उजव्या कमरेसाठी गुलाब फुलताहेत, आणि ती भेट तिला कोरून सांगणार — तू होतीस ती आता नाहीस.

वचन दिलं. बोलणार नाही.

२ एप्रिल

सुमेधाला काही विचारलं नाही; ती पेशंटबद्दल बोलत नाही, आणि मी वचनाबद्दल. घरात आज विलक्षण शांतता. शेवटी म्हणाली, "मीठ दे."

७ एप्रिल

सर्वनाश.

कोरून झालं. तेल पाजलं. बुवा म्हणाले, "दुमडून बघ, मग शिवायला घे." दुमडलं, ऐटीत उजव्या कमरेला लावलं — आणि फुलं माझ्या मांडीकडे! बाहेर कोरी पाठ. उलटं केलं तर नळी आभाळाकडे. डाव्या कमरेला लावलं, तर झकास बसलं.

फर्मा! आधी अस्तरासाठी उलटा ठेवला, आणि त्याच झोकात जाड चामड्यालाही उलटाच! महिन्याचं काम! त्यांच्या हातची सगळी फुलं!

जन्मभर पोरांना सव्य-अपसव्य शिकवलं, त्याचं हे फळ.

बुवांसमोर उभा राहिलो. सांगितलं. चेहरा बघवत नव्हता. माझाच, त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"हं," म्हणाले. होल्स्टर उलटसुलट केलं. "शिव."

"अहो, पण हे डावखुऱ्याचं झालं!"

"मला दिसतंय. दुसरं करायला वेळ नाही. शिव. आणि टाके जवळ घाल, तुझे टाके वासरू उडी मारून जाईल इतके लांब असतात."

१२ एप्रिल

अस्तर पुन्हा कापलं, या वेळी फर्मा सुलटा. मेणदोरा, दोन सुया, दोन टोचलेली बोटं. वचन आणि चूक एकाच पोटात घेऊन शिवतोय. म्हातारा हे डावं होल्स्टर तिला देणार तरी कसं? काय सांगून? ती मलाच धरणार!

१९ एप्रिल

धरलंच.

कॉर्लिस दुकानात आली. बुवांनी कागदात गुंडाळलेलं तिच्यापुढे ढकललं आणि पाठ फिरवून कॉफी ओतायला लागले. तिने कागद काढला. उजवीकडे धरलं. थांबली. डावीकडे नेलं. मग वळली ती माझ्याकडे!

"तुम्ही बोललात!"

"शपथ घेऊन सांगतो, नाही!"

"तो काय बोलणार," बुवा पाठमोरेच म्हणाले. "तो कोबी कोरतो."

"मग बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

कपाबाहेर कॉफी सांडली. "पट्टा बांध आणि बघ, घट्ट होतंय का. बोलत काय बसलीस!"

तिने एका हाताने पट्टा बांधला, आम्ही दोघांनी मदत केली नाही. मग ती तशीच जाऊन बापाच्या पाठीला डोकं टेकून उभी राहिली. मी लगामाच्या कड्या मोजायला लागलो. कड्या नव्हत्याच, खिळे होते.

नशीब म्हणतात ते हेच. माझ्या गाढवपणाचं कोणी इतकं सोनं केलं नसेल. आणि म्हातारा श्रेय घेतो तरी किती सहज!

१६ मे

मैदान. वारा. कॉर्लिसने दहापैकी सहा फोडले. दुसरं रिव्हॉल्व्हर जुन्याच, उजव्या हाताच्या होल्स्टरमध्ये, ते उपसताना वेळ गेला. खालून तिसरी. पण दौडीवर! लोक उभे राहिले. निवेदक म्हणाला, "खालून तिसरी आणि वरून पहिली!" — त्याला गणित येत नाही, पण समजतं.

बुवा टोपीत तोंड घालून बराच वेळ शिंकत होते.

साप्ताहिकाला बातमी पाठवली. मथळा 'सव्यसाची' ठेवला होता. संपादकांनी 'एकार्टची कन्या परतली' केला. त्यांचाच बरा.

१८ मे

आज न राहवून विचारलं. "बुवा" — पहिल्यांदाच तोंडावर म्हटलं — "मी बोललो नव्हतो. ती चूक होती. पण तुम्ही महिनाभर त्या चामड्यावर फुलं कोरत होतात. तुम्हाला दिसलं नाही?"

"पहिल्याच सकाळी दिसलं."

"मग?"

मोगरी खाली ठेवली. "तो फर्मा मी हिवाळाभर उलटासुलटा करत होतो, प्रोफेसर. सुलटा ठेवला तर खोटं, उलटा ठेवला तर... हात चालेना. म्हणून रापी तुला दिली."

आणि मी बढती समजत होतो!

त्यांनी नवं चामडं माझ्याकडे सरकवलं. "तिच्या दुसऱ्या रिव्हॉल्व्हरचं. काप. फर्मा कसा ठेवायचा, ते तुला येतं."